मुलाचा व्हेंटिलेटर काढायचा निर्णय कोणाचा? : ‘कॉमन कॉज’ निकालाची चिकित्सा

या टिपणात आपण सर्वोच्च न्यायालयाचा ९ मार्च २०१८ चा ‘कॉमन कॉज विरुद्ध भारत सरकार’ हा निकाल आणि २४ जानेवारी २०२३ ला त्यात झालेले बदल तपासणार आहोत. तपासताना एकच प्रश्न हाताशी ठेवायचा : रुग्ण चार वर्षांचा असेल, तर हा निकाल कोणाला काय करायला सांगतो?

मी रायपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. कायदा किंवा वैद्यक हा माझा विषय नाही. पण ‘व्यावसायिक नीतिमूल्ये’ हा पेपर मी शिकवते आणि निर्णयाच्या जबाबदारीचे प्रकरण आले की हा प्रश्न वर्गात हटकून निघतो. तुमच्यापैकी काहींनी हा प्रसंग घरात पाहिला असेल. मीही पाहिला आहे. सुरुवात तिथूनच करते.

एक कागद

काही वर्षांपूर्वी राजनांदगावच्या माझ्या आतेभावाची चार वर्षांची मुलगी रायपूरच्या एका खासगी रुग्णालयात मेंदूच्या तापाने दाखल होती. नऊ दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. आठव्या दिवशी डॉक्टर तोंडी म्हणाले की आता सुधारणा होणार नाही, घरी न्यायचे असेल तर बघा. नवव्या दिवशी काउंटरवर एक छापील कागद पुढे आला. भाऊ म्हणाला, “ताई, जरा वाचून बघ, काय लिहिलंय?”

लिहिले होते ते असे : आम्ही स्वतःच्या मर्जीने, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घेऊन जात आहोत, पुढील परिणामांस रुग्णालय जबाबदार नाही.

भावाने सही केली. वहिनी आत, आयसीयूच्या दाराशी बसली होती. तिला कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. अँब्युलन्समध्ये एक वॉर्डबॉय हाताने फुगा दाबत होता. कुम्हारीच्या अलीकडेच सगळे संपले.

त्या कागदावरची दोन्ही विधाने खोटी होती. सल्ल्याविरुद्ध काही झाले नव्हते, कारण घरी नेण्याचे डॉक्टरांनीच सुचवले होते. आणि मर्जी म्हणायची तर, त्या दिवसापर्यंत बिल कुठवर गेले होते आणि भावाच्या हाती काय उरले होते, हे मला माहीत आहे. आज मला वाटते, व्हेंटिलेटर काढण्याचा निर्णय कदाचित बरोबरही असेल. पण तो कोणी घेतला, हे त्या कागदावरून कधीच कळणार नाही. निर्णय झाला आणि त्याला धनी उरला नाही. पुढची सगळी चिकित्सा या एका वाक्यासाठी आहे.

निकालापर्यंतचा रस्ता

मराठी वाचकाला या विषयाची ओळख बहुधा अरुणा शानभाग यांच्यामुळे झालेली असते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयातच हल्ला झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. त्यानंतर १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयात होत्या. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांचे अन्न थांबवावे अशी याचिका केली. ७ मार्च २०११ ला न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यानसुधा मिश्रा यांनी ती फेटाळली.

त्या निकालातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली : जीवनाधार काढून घेणे म्हणजेच निष्क्रिय दयामरण, हे काही अटींवर मान्य झाले. विषारी इंजेक्शन देणे वेगळे आणि शरीर स्वतःहून थांबत असताना यंत्राची जोड काढून घेणे वेगळे, असा हा भेद आहे.

दुसरी : रुग्णाच्या वतीने कोण बोलणार याचा क्रम सांगितला गेला. आई-वडील, जोडीदार, जवळचे नातेवाईक. ते नसतील तर ‘वादमित्र’. अरुणाताईंच्या बाबतीत वादमित्राचा हा मान न्यायालयाने विराणी यांना न देता केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. ज्यांनी वर्षानुवर्षे भरवले, कूस बदलली, त्यांचे म्हणणे आधी.

तिसरी : घरच्यांनी ठरवले तरी उच्च न्यायालयाची मंजुरी लागेल. कारण संपत्तीवर डोळा ठेवणारे लोक या सवलतीचा गैरवापर करतील, अशी भीती न्यायालयाने बोलून दाखवली. जो स्वतःसाठी बोलू शकत नाही, त्याचे पालक राज्य असते, या जुन्या तत्त्वाचा आधार त्यासाठी घेतला.

ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवा. चार वर्षांच्या मुलीच्या नावावर कोणतीही इस्टेट नसते. तिच्या बाबतीत धोका उलट्या दिशेने येतो. तिथे लोभापेक्षा कर्जाची भीती मोठी असते.

निकाल काय सांगतो

२०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसाला आधीच लिहून ठेवता येईल की अशी वेळ आली तर मला यंत्रांवर ठेवू नका. यालाच आपण लिव्हिंग विल म्हणतो. ज्याने असे काही लिहिलेले नाही, त्याच्यासाठीही पद्धत घालून दिली. रुग्णालयाचे एक मंडळ, जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेले दुसरे मंडळ, नातेवाईकांची लेखी संमती आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी स्वतः येऊन पाहणे.

ही पद्धत इतकी लांबलचक होती की ती वापरणेच कठीण होऊन बसले. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने बदलासाठी अर्ज केला आणि २०२३ मध्ये ती सोपी झाली. आता पहिल्या मंडळात उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षे अनुभवाचे किमान दोन तज्ज्ञ असतात. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले किमान दोन तज्ज्ञ. दोन्ही मंडळे रुग्णालयच बसवते. मत शक्यतो ४८ तासांत द्यायचे. दंडाधिकाऱ्यांना आता फक्त कळवायचे असते. मतभेद झाला तर उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे.

सज्ञान माणसासाठी हा बदल चांगला आहे, असे माझे मत आहे. आयसीयूमधला एकेक दिवस सोसणाऱ्या कुटुंबाला महिनोन्‌महिने चालणारी पद्धत काय कामाची?

मूल यात कुठे बसते?

आता आपला प्रश्न. या सगळ्या रचनेचा पाया रुग्णाची इच्छा हा आहे. लिहून ठेवलेली नसेल तर घरच्यांनी आठवून सांगायची : बाबा नेहमी म्हणायचे, मला नळ्या लावून ठेवू नका. मुलाच्या बाबतीत हा पाया जागेवर नसतो. चार वर्षांच्या मुलीने मरणाबद्दल काही ठरवलेलेच नसते. सोळा वर्षांचा, दोन वर्षे केमोथेरपी सोसलेला मुलगा स्पष्ट मत सांगू शकतो, पण सज्ञान नसल्याने त्याला असे इच्छापत्र करता येत नाही. निकालाने मुलांसाठी वेगळी वाट आखलेली नाही. ‘इच्छापत्र नसलेला रुग्ण’ या डब्यात मूलही टाकले गेले आहे.

त्यातून चार अडचणी येतात.

एक, पालक म्हणजे कोण? निकालात संमती देणाऱ्यांमध्ये नातेवाईक, वादमित्र, पालक असे शब्द आहेत. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ नुसार नैसर्गिक पालक आधी वडील आणि त्यांच्यानंतर आई. १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’चा अर्थ वडील हयात असले तरी लक्ष देत नसतील तेव्हाही, असा सैल केला. तरी काउंटरवरचा कारकून अजूनही बापालाच हाक मारतो. दोघांचे मत वेगळे असेल तर काय, याचे सरळ उत्तर निकालात सापडत नाही. तुलना करून पाहा : अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात मेंदूस्तंभ-मृत्यू झालेल्या १८ वर्षांखालील मुलाच्या अवयवदानाला आई-वडिलांपैकी कोणीही एक परवानगी देऊ शकते, असे लिहिले आहे. ‘एकाची परवानगी पुरे’ हे तिथे बरोबर की चूक, यावर वाद होईल. पण त्या कायद्याने निदान मुलाचा वेगळा विचार केला.

दोन, तज्ज्ञ कोण? २०१८ च्या मूळ यादीत जनरल मेडिसिन, हृदयरोग, मेंदूविकार, मूत्रपिंडविकार, मानसोपचार आणि कर्करोग इतक्या शाखा होत्या. बालरोग त्यात नव्हता! २०२३ मध्ये यादी जाऊन ‘संबंधित विषयातले तज्ज्ञ’ असे शब्द आले. ही दुरुस्ती योग्य आहे. मात्र लहान मुलाचा मेंदू सावरण्याचा अंदाज मोठ्या माणसासारखा बांधता येत नाही, हे स्पष्ट शब्दांत यायला हवे होते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१७ मध्ये मुलांच्या अखेरच्या काळातील देखभालीवर सहमतीचे निवेदन काढले होते. म्हणजे विचार करणारे लोक देशात होते.

तीन, परिचारिका कुठे आहेत? २०११ च्या निकालाचा सगळ्यात माणुसकीचा भाग म्हणजे केईएमच्या परिचारिकांचे ऐकले गेले. २०१८ आणि २०२३ च्या मंडळांत मात्र फक्त डॉक्टर आहेत. सुई टोचली की मूल कण्हते का, आईचा आवाज आला की नाडी बदलते का, हे रात्रपाळीच्या सिस्टरला सगळ्यांच्या आधी कळते. तिला मत नको असेल तर निदान तिची नोंद तरी मंडळासमोर असावी.

चार, फौजदारी कायद्याची भीती. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ नुसार, जे पूर्वी दंडसंहितेचे कलम ८९ होते, १२ वर्षांखालील मुलाच्या भल्यासाठी पालकाच्या संमतीने सद्‌भावनेने केलेले कृत्य गुन्हा ठरत नाही. पण जाणूनबुजून मृत्यू घडवण्याला ही सूट नाही. यंत्र काढणे म्हणजे मृत्यू घडवणे नव्हे, असे न्यायालय म्हणते. तरी तरुण डॉक्टरच्या मनात धाकधूक राहतेच. मग सोपी पळवाट उरते : सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. कागदावर डॉक्टरने काहीच केलेले नसते.

दोन मंडळे आणि एकच कारण

इथे आपल्या विषयातली एक कल्पना उपयोगी पडते. एक सुरक्षा यंत्रणा दहात एकदा चुकते असे समजा. तशीच दुसरी जोडली, तर दोन्ही एकाच वेळी चुकण्याची शक्यता शंभरात एक. पण हे गणित दोन्ही एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच खरे. दोन्ही पंप एकाच वीजतारेवर असतील, तर तार तुटली की दोन्ही बंद. विश्वसनीयतेच्या अभ्यासात याला ‘कॉमन कॉज फेल्युअर’, म्हणजे सामाईक कारणाने होणारे अपयश म्हणतात. ज्या संस्थेच्या याचिकेवर हा निकाल आला तिचे नाव ‘कॉमन कॉज’ असावे, हा केवळ योगायोग. पण तो लक्षात ठेवायला सोपा आहे.

दुसरे मंडळ हा राखीव पंप आहे. आता पाहा : दोन्ही मंडळे एकाच रुग्णालयाने बसवलेली, दोघांसमोर फाइल एकच, बिलाचा काउंटर एकच. बाहेरचा माणूस एकटा, मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर. दंडाधिकारी येऊन पाहत होते तेव्हा पद्धत संथ होती, पण एक परका डोळा तरी होता. तो गेला. सज्ञान रुग्णाच्या बाबतीत त्याचे लिहिलेले शब्द ही जागा थोडी भरून काढतात. मुलाकडे ते शब्द नाहीत, म्हणून परक्या डोळ्याची गरज मुलालाच जास्त.

आणि पैसा ही तर दोन्ही पंपांची सामाईक तार. २०१६ मध्ये आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यातील एका दांपत्याने यकृताच्या आजाराने ग्रासलेल्या आपल्या आठ महिन्यांच्या मुलीला दयामरण द्यावे म्हणून न्यायालयात अर्ज केला. प्रत्यारोपणाचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. बातमी झाली, राज्य सरकारने खर्च उचलला आणि प्रत्यारोपण झाले. विचार करा, अर्जात मागितले होते मरण. खरे मागणे होते पैसे. कोणत्याही मंडळाने फक्त वैद्यकीय फाइल वाचली असती, तर हे त्याला दिसले असते का?

आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. तेही पुरले नाही की काय, हा प्रश्न आमच्याकडे रोजचा आहे. जगदलपूरहून रायपूर सुमारे ३०० किलोमीटर. तिथून मूल घेऊन आलेल्या बापाला ‘तुमची मर्जी’ असे म्हणताना त्या मर्जीत किती स्वातंत्र्य असते, याचा हिशेब निकालात नाही.

बाहेर काय होते?

ब्रिटनमध्ये हा प्रश्न नेमका उलट्या रूपात येतो. तिथे सरकारी आरोग्यसेवा खर्च करते, त्यामुळे आई-वडील उपचार चालू ठेवा म्हणतात आणि रुग्णालय थांबवू या म्हणते. चार्ली गार्ड हे बाळ २०१६ मध्ये जन्मले. त्याला दुर्मीळ जनुकीय आजार होता. अमेरिकेत प्रयोगात्मक उपचारासाठी आई-वडिलांनी लोकवर्गणीतून १३ लाख पौंडांहून अधिक रक्कम जमवली. एप्रिल २०१७ मध्ये न्यायालयाने बाळाच्या हिताचा विचार करून व्हेंटिलेटर काढण्यास परवानगी दिली. अपिले झाली आणि २८ जुलै २०१७ ला चार्ली गेला. उलट, २०१९ मध्ये पाच वर्षांच्या ताफिदा रकीबच्या खटल्यात त्याच देशाच्या न्यायालयाने आई-वडिलांचे म्हणणे मानले आणि तिला इटलीतल्या जिनोव्हाच्या रुग्णालयात नेऊ दिले.

म्हणजे कसोटी तीच, उत्तरे दोन. मला यातली एक गोष्ट घेण्यासारखी वाटते : चार्लीच्या खटल्यात आई-वडिलांचा वकील वेगळा, रुग्णालयाचा वेगळा, आणि बाळाच्या वतीने बोलणारा न्यायालयाने नेमलेला पालक वेगळा होता. दुसरी गोष्ट घेण्यासारखी नाही : महिनोन्‌महिने चाललेली कोर्टबाजी आणि घरच्या दुःखाचा रस्त्यावर आलेला तमाशा. आपल्याकडे उच्च न्यायालयाची वाट प्रत्येक कुटुंबाला दाखवणे म्हणजे ती वाट बंद करण्यासारखेच.

मग कोणी ठरवावे?

माझे मत स्पष्ट सांगते. ते तपासून घ्या. मुलाच्या वतीने पहिला शब्द आई-वडिलांचा, दोघांचाही. मुलाच्या अवस्थेबद्दलचे तथ्य डॉक्टरांनी सांगायचे. पण अखेरचा निर्णय या दोघांपैकी कोणाही एकावर सोडू नये. आई-वडील दुःखाने आणि कर्जाने दबलेले असतात. डॉक्टर संस्थेने आणि कायद्याच्या भीतीने. त्यासाठी सध्याच्या चौकटीत बसतील असे पाच बदल सुचवते.

१. आई आणि वडील दोघांची लेखी संमती, आणि दोघांशी वेगवेगळे बोलणे. मूल बोलते-समजते असेल तर त्याचेही ऐकणे.

२. दोन्ही मंडळांत बालरोग किंवा बाल-अतिदक्षता तज्ज्ञ सक्तीचा. सुकमा किंवा बिजापूरला तो नसेल तर एम्स रायपूरसारख्या संस्थेतून व्हिडिओवर, आणि सिस्टरच्या नोंदी समोर ठेवून.

३. रुग्णालयाशी संबंध नसलेली एक व्यक्ती फक्त मुलाच्या बाजूने प्रश्न विचारण्यासाठी. ती डॉक्टर नसली तरी चालेल. दिवाणी प्रक्रियेत अज्ञान मुलासाठी वादमित्र असतोच. ही कल्पना आपल्याला परकी नाही.

४. निर्णय होईपर्यंत बिलाचा विषय त्या खोलीबाहेर. उपचाराने फायदा आहे पण पैसे नाहीत, असे मंडळाला दिसले तर मुलाचे यंत्र काढण्याची चर्चा थांबवून मदतीची चर्चा सुरू व्हावी.

५. सुरुवातीलाच मुदत ठरवणे : इतके दिवस पूर्ण उपचार करू, मग एकत्र बसून बघू. आणि यंत्र काढले तरी देखभाल थांबत नाही, हे लेखी देणे. वेदना आणि धाप कमी करणारी औषधे, मॉर्फिनसुद्धा, शेवटपर्यंत मिळाली पाहिजेत. २०१४ च्या दुरुस्तीने त्यावरची कायद्याची आडकाठी कमी केली आहे.

यावर एक आक्षेप येईल : आई-वडिलांच्या दुःखात आणखी परकी माणसे कशाला? आक्षेप खरा आहे. पण माझ्या भावाचा विचार करते तेव्हा वाटते, त्या रात्री त्याला एकटे सोडणे हाच सगळ्यात मोठा अन्याय होता. त्या सहीचे ओझे तो अजून वाहतो आहे. चार माणसांनी समोर बसून, खरे काय ते लिहून, “आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवले” असे म्हटले असते, तर मुलगी वाचली नसती. पण कागद खरा झाला असता. आणि वहिनीला विचारले गेले असते. तिने नंतर एकदाच मला म्हटले, “मला फक्त तिला मांडीवर घेऊ द्यायला हवं होतं, मग काय काढायचं ते काढा.” हे वाक्य कोणत्याही मंडळाच्या इतिवृत्तात असायला हवे होते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आई ‘थांबवा’ म्हणते आणि वडील ‘चालू ठेवा’ म्हणतात. मंडळाने काय करावे? भूमिका उलट असत्या तर तुमचे उत्तर बदलले असते का?

२. सोळा वर्षांच्या रुग्णाचे मत किती वजनाचे मानावे? वयाची रेषा कुठे आणि का ओढाल?

३. वर सुचवलेल्या पाच बदलांपैकी तुमच्या जिल्ह्यातल्या रुग्णालयात कोणता सगळ्यात अवघड आहे? जाऊन विचारा, मगच उत्तर लिहा.